क्रांतीचे सहा मिलिमीटर

मंगळवार पेठेतल्या विजयसिंह इंगवल्यांच्या घरात गेलं वर्षभर एकाच विषयावर भांडण पेटलेलं होतं, आणि तो विषय होता सहा मिलिमीटरचा. आता सहा मिलिमीटर म्हणजे किती? तांदळाचा एक दाणा. तोही कोलम. पण पोलीस भरतीला पोरीची उंची लागते एकशे पंचावन्न सेंटिमीटर, आणि इंगवल्यांची क्रांती गेल्या वर्षी मोजपट्टीखाली भरली एकशे चोपन्न पॉइंट चार. झालं! मोजणाऱ्या बाई म्हणाल्या, "पुढची या." जी पोरगी आठशे मीटरमध्ये निम्म्या जिल्ह्याला धूळ चारणार होती, ती पळायच्या आधीच घरी परत आली. चार दिवस तिनं धड अन्न खाल्लं नाही.

विजयसिंह एका पतसंस्थेत हेडक्लार्क. त्यांचा देवापेक्षा अर्जावर जास्त विश्वास. त्यांनी त्याच रात्री अर्ज खरडला, की 'उमेदवाराच्या उंचीतील किरकोळ तूट पुढील वर्षात भरून देण्याच्या अटीवर सवलत मिळावी.' सहा महिन्यांनी उत्तर आलं, 'आपला अर्ज या कार्यालयाशी संबंधित नाही, सबब परत.' कुठल्या कार्यालयाशी संबंधित आहे, ते मात्र लिहिलेलं नव्हतं. विजयसिंहांनी ते पत्र फायलीला लावलं. फायलीला लावलं की त्यांना काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

यंदा पुन्हा फॉर्म भरला, पण अट घालून. "ह्यावेळचं शेवटचं," विजयसिंह म्हणाले. "न्हाय जमलं तर पेठ वडगावचं स्थळ हाय. बारा म्हशी, दोन मजली घर, पोरगा निर्व्यसनी. धैर्यशीलराव मध्यस्थ हाईत, ते रोज फोन करत्यात." क्रांती फारसं बोलायचीच नाही. खाली बघून आत गेली आणि बुटाच्या नाड्या धुवायला घेतल्या.

मैदानी चाचणीची तारीख आली. हातात एकवीस दिवस. मग काय, शेजारच्या अक्काताईंनी सूत्रं हातात घेतली. अक्काताई मूळच्या निपाणीकडच्या, आवाज असा की त्या कुजबुजल्या तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. "विजयराव, आमच्या सुनंकडं घेऊन चला की पोरीला! हाडाचं तिला सगळं कळतंय!" त्यांची सून दानेश्वरी फिजिओथेरपिस्ट होती. तिनं क्रांतीला भिंतीला टेकून उभं केलं. टाचा भिंतीला, बैठक भिंतीला, खांद्यांची पाती भिंतीला आणि डोकंही भिंतीला लागलं पाहिजे. क्रांतीच्या टाचा लागल्या. वरचा कारभार सगळा पुढं झुकलेला.

"काका, बाविसाव्या वर्षी हाड वाढत न्हाय," दानेश्वरी म्हणाली. "पण हिची उंची कमी न्हायच मुळी. ती पोकात लपलीय. खांदं मागं गेलं आणि मान सरळ झाली, तर सेंटिमीटरभर निघंल बाहेर." मग तिनं सांगितलं ते असं: रोज दहा मिनिटं भिंतीला उभं राहायचं, हनुवटी आत घ्यायची, पालथं झोपून छाती उचलायची, उशी पातळ घ्यायची, मोबाईल मांडीत न धरता डोळ्यांसमोर धरायचा आणि एका जागी अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही. "कधीपासनं अशी चालती ही?" तिनं विचारलं. क्रांतीची आई वर्षाराणी म्हणाली, "आठवी-नववीपासनं." दानेश्वरी नुसतं "हं" म्हणाली.

एवढ्यावर थांबायचं की नाही? पण ती विजयसिंहांकडं वळली. "काका, तुमीबी हुबं ऱ्हाऊन बघा." आता विजयसिंहांनी सव्वीस वर्षं लेजरवर वाकून काढलेली. मागून बघितलं तर त्यांचं डोकं दिसायचंच नाही, नुसता शर्ट चालल्यासारखा वाटायचा. ते भिंतीला उभे राहिले तर डोकं आणि भिंत यांच्यात चार बोटं अंतर. दानेश्वरीनं बोटं घालून दाखवलं.

"भिंतच वाकडी हाय तुमची," विजयसिंह म्हणाले आणि चपला घालायला लागले.

निघता निघता दानेश्वरी आणखी एक बोलली, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. "माणूस सकाळी उठल्या उठल्या जरा उंच असतोय, काका. दिवसभर उठून-बसून मणक्यातल्या गाद्या दबत्यात. संध्याकाळपतोर सेंटिमीटरभर फरक पडतोय." बाकीचे व्यायाम-बियायाम विजयसिंहांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेले. हे एवढं वाक्य मात्र डोक्यात जाऊन बसलं.

क्रांती सांगितलेलं गपचूप करायला लागली. पण बापाला गपचूप काही करवत नाही, तो काहीतरी आणतो. पहिल्या दिवशी त्यांनी घरातले सगळे मोबाईल कपडे वाळत घालायच्या दोरीला, डोळ्यांच्या उंचीवर, चिमट्यांनी लटकवले. वर्षाराणीच्या माहेरचा फोन आला की ती ओल्या टॉवेलाशेजारी उभी राहून बोलायची. तिसऱ्या दिवशी लोंबकळण्यासाठी दाराच्या चौकटीत लोखंडी बार ठोकला. "आधी मी बघतो, मग तू," म्हणून लोंबकळले, आणि बार, चौकटीची वरची फळी, पाटीभर गिलावा आणि विजयसिंह असे सगळे एकदम खाली आले. त्यांना सोडवायला आलेल्या अक्काताई म्हणाल्या, "लोंबकाळून कुठं उंची वाढत्या व्हय? तसं असतं तर वटवाघळं ताडाएवढी झाली असती!"

तालमीतल्या पिराजी वस्तादांकडंही जाऊन आले. वस्तादांनी क्रांतीला चालायला लावलं, वळायला लावलं आणि म्हणाले, "पोरगी पळती कशी?" क्रांती मातीभोवती एक फेरी पळाली. वस्ताद बघत राहिले. "इंगवले, पळताना हिला पोक न्हाय. चालताना कुठनं येतोय ओ मग?" विजयसिंहांना हा प्रश्न काही उपयोगाचा वाटला नाही. त्यांना मालिशचं तेल पाहिजे होतं.

मग ऑनलाइन पाठ ताठ करायचा वेल्क्रोचा पट्टा मागवला. खांद्यातून आडवा-तिडवा घालून पाठीवर करकचून चिकटवायचा, की माणूस ताठ. पोरीला द्यायच्या आधी खात्री करावी म्हणून तो शर्टाच्या आत घालून विजयसिंह ऑफिसला गेले. सकाळभर छाती काढून बसले, लेजर दिसत नव्हतं, अंदाजानं सह्या केल्या. नेमकी त्या दिवशी एका माजी संचालकांच्या निधनाची शोकसभा. चेअरमन गहिवरून म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध राहू." सगळ्यांनी माना खाली घातल्या. विजयसिंहांनीही घातली, आणि त्या शांततेत पाठीवरून 'चर्रर्र' असा आवाज आला. त्यांनी दचकून मान वर केली, तसा उरलेला पट्टाही सुटला. 'चर्रर्रर्र!' मयताची मुलगी पदर तोंडात धरून बाहेर गेली, ती हसायला की रडायला हे शेवटपर्यंत कळलं नाही. चेअरमननी नंतर केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "इंगवले, पोटाचा त्रास असंल तर रजा घेत जावा." सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढा अपमान झाला नव्हता. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

बोलले तेव्हा भरतीला चार दिवस राहिले होते, आणि त्यांनी घरातल्यांना आपला बेत सांगितला. पोरगी सकाळी उंच असते. म्हणजे तिला उभीच करायची नाही. झोपलेली तशीच उचलून ग्राऊंडवर न्यायची आणि थेट मोजपट्टीखाली उभी करायची. एक मिलिमीटर वाया घालवायचा नाही.

"पप्पा, मी स्कूटीवरनं जाते की," क्रांती म्हणाली.

"स्कूटी? आपल्या रस्त्यावरनं? एका खड्ड्याला एक मिलिमीटर धर. दसरा चौकापतोर तू एकशे पन्नासवर येशील!"

क्रांतीनं आईकडं बघितलं. वर्षाराणी म्हणाली, "ऐक बाई. एवढं झालं की सुटलीस." अक्काताईंचा भाचा शशिधर रोज पहाटे कागलहून टेंपोतून दूध आणायचा. त्याच्याशी बोलणं झालं.

भरतीच्या दिवशी पहाटे पावणेपाचला टेंपो दारात लागला. आठ कॅन, मध्ये गादी. विजयसिंह आणि शशिधर यांनी क्रांतीला गादीसकट उचलून ठेवली. ट्रॅकसूट घातलेला, बूट पायात, हात अंगाला चिकटलेले, पाय जुळवलेले. धूळ बसू नये आणि गल्लीतल्या कुणी बघू नये म्हणून वर्षाराणीनं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर घातली. शशिधर देवभोळा माणूस. त्यानं नेहमीप्रमाणं उदबत्तीचा जुडगा पेटवून पुढं खोचला. धूर सगळा मागं. विजयसिंह उशाशी बसले, मान खाली, एक हात चादरीवर. ओठ सारखे हलत होते. ते "हळू रे, खड्डा हाय, हळू," म्हणत होते, पण लांबून बघणाऱ्याला ते कसं कळणार?

शशिधरला वाटेत गंगावेशीत दोन कॅन टाकायचे होते. तिथं दूधकट्ट्यावर म्हशी बांधलेल्या, माणसं धारोष्ण दुधाचे ग्लास घेऊन उभी. त्यात पतसंस्थेतला वसुलीचा ऋतुराज होता. त्यानं ओठांवरचा फेस पुसला, टेंपोकडं बघितलं, चादर बघितली, उदबत्ती बघितली, खाली मान घालून बसलेले साहेब बघितले आणि पायातल्या चपला काढल्या. "आई गं! साहेबांची मिसेस गेली की रं!" साहेबांना अशा वेळी काय विचारायचं म्हणून तो जवळ गेला नाही. त्यानं मोबाईल काढला आणि पतसंस्थेच्या सभासदांच्या ग्रुपवर टाकलं, 'आपल्या इंगवले साहेबांच्या सौ. यांचे दुःखद निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.' आणि चेअरमनना उठवायला निघून गेला.

बाकीच्यांना कोण गेलं ते माहीतही नव्हतं. पण कोल्हापुरात त्याची गरज नसते. मयताबरोबर माणूस एकटा दिसला की चार जणांनी मागं जायचं, ओळख नंतर निघते. म्हशीवाल्या दोघांनी ग्लास खाली ठेवले आणि गाड्यांना किक मारली. फुलवाल्या बयाबाईनं देवळाकडं निघालेल्या टोपलीतली शेवंती ओंजळभरून चादरीवर टाकली, "कुणाची का असंना, माउली गेली." विजयसिंहांना वाटलं, शुभ शकुन झाला. त्यांनी हात जोडले. चौकाला पोचेपर्यंत टेंपोमागं अकरा मोटरसायकली झाल्या होत्या, सगळ्या हळूहळू, हॉर्न न वाजवता.

चौकातून एक रस्ता पंचगंगेकडं, स्मशानाकडं जातो. शशिधरनं टेंपो उलट्या बाजूला वळवला. मागं गडबड उडाली.

"ओ टेंपोवालं! पावणं! नदी हिकडं हाय!"

"आमाला ग्राऊंडवर जायचंय!" शशिधरनं थांबून मान बाहेर काढली.

"ग्राऊंडवर? तितं कुठं जाळत्यात?"

"जाळायचं कशाला? मापायचं हाय!"

ह्या उत्तरानं कुणाचंच समाधान झालं नाही. माणसं गाड्या लावून टेंपोभोवती जमली. एक म्हातारबा हात जोडून 'राम राम' म्हणत पुढं झाले, आणि चादर बाजूला सारून क्रांती उठून बसली. केसांत शेवंती. "पप्पा, किती वाजले?"

म्हातारबा मागच्या मागं म्हशीवाल्याच्या अंगावर बसले. दोन मोटरसायकली पडल्या. आणि विजयसिंह? त्यांना मिलिमीटर सोडून जगात काही दिसत नव्हतं. त्यांनी पोरीचे दोन्ही खांदे धरले आणि खाली दाबायला लागले. "झोप! झोप म्हंतो न्हवं! सगळं घालवशील आता!"

"आरं, जित्ती हाय पोरगी!" कुणीतरी ओरडलं. "बाप दाबतोय बघा! जित्ती जाळाय निघालाय!"

मग जे व्हायचं ते झालं. विजयसिंहांना कॉलरला धरून खाली ओढलं. एक कॅन आडवा होऊन रस्ताभर दूध. "अहो, मी हेडक्लार्क हाय!" ते ओरडत होते, पण त्या गर्दीत हुद्द्याला कोण विचारतो? शशिधर रडकुंडीला आलेला. क्रांतीनं शशिधरच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेपाचला फाटक बंद होणार होतं, आणि सव्वापाच वाजले होते.

"काका, सोडा त्यांना," ती म्हणाली. "वडील हाईत माझे. मी भरतीला चालले." टेंपोच्या फाळक्यावरून तिनं उडी मारली आणि पळत सुटली.

"पळू नगंस! क्रांते! दबशील!" विजयसिंहांचा आवाज फाटला. पण ती कधीच कोपऱ्यापर्यंत पोचली होती. रस्त्यातली सगळी माणसं तिच्याकडं बघत उभी राहिली. विजयसिंहांनी पोरीला पळताना कधी नीट बघितलंच नव्हतं. त्यांना ती दुसऱ्याच कुणाची तरी उंच पोरगी वाटली.

खरं काय ते कळल्यावर लोक उलट त्यांच्यावरच तापले. "आदी सांगायचं न्हाय व्हय ओ? लगेच सोडली असती की गाडीवरनं!" म्हशीवाल्यानं विजयसिंहांना मागं बसवलं, आणि मयताला आलेली सगळी वरात सुसाट भरतीच्या ग्राऊंडवर गेली.

क्रांती फाटकातून आत गेलेली होती. पालकांना तारेच्या कुंपणाबाहेर थांबायचं. आत मोजपट्टी, टेबल, टेबलावर चालू राहिलेला माईक, आणि एक हवालदार मॅडम. क्रांतीचा नंबर आला. ती बूट काढून वर चढून उभी राहिली, पण चार पोलीस आणि कुंपणाबाहेरची शंभर माणसं आपल्याकडं बघताहेत हे दिसल्याबरोबर तिचे खांदे पुढं आले, मान खाली गेली. एकवीस दिवसांचा व्यायाम एका क्षणात पुसला. मॅडमनी पट्टी डोक्याला टेकवली. माईकवरून आकडा आला, "एकशे चोपन्न पॉइंट पाच."

विजयसिंहांनी तार मुठीत धरली.

मॅडमनी पट्टी परत वर केली. "अगं, नीट हुबी ऱ्हा की. चोरावानी का हुबी हाईस? कुणी शिकवलं तुला खाली मान घालायला?"

माईकवरून क्रांतीचा बारीक आवाज सगळ्या ग्राऊंडला ऐकू आला. "घरात."

विजयसिंहांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात म्हणजे कुणी, हे त्यांना सांगायला दुसरं कोण पाहिजे होतं? पोरगी नववीत असताना शाळेला निघाली होती, तेव्हा दारातून तेच ओरडले होते, "छाती काढून काय चालतीस? लोक बघत्यात." त्या दिवशी तिनं दप्तर पाठीवरून काढून पुढं धरलं होतं. मग रोज सकाळी न चुकता त्यांचं तेच सांगणं, 'खाली मान घालून जायचं आणि खाली मान घालून यायचं.' पाहुण्यारावळ्यांत ते कौतुकानं सांगायचे, आमची क्रांती नजर वर करत नाही. पोकाला औषध शोधत ते एकवीस दिवस गावभर फिरले होते.

आजूबाजूला शंभर माणसं. त्यांतल्या काही जणांनी थोड्या वेळापूर्वी त्यांची कॉलर धरलेली. पण विजयसिंहांचा आवाज निघाला तो अक्काताईंना लाजवणारा.

"क्रांते! मान वर कर! छाती काढून हुबी ऱ्हा! लोक बघत्यात तर बघूदेत! तुझ्या बापाला अक्कल न्हवती!"

सगळं ग्राऊंड वळून बघायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "ओ काका, आवाज बंद!" आणि मग क्रांतीकडं वळून हळू आवाजात, पण माईक होताच, "ऐकलंस न्हवं वडलांचं?"

क्रांतीनं खांदे मागं घेतले. हनुवटी आत घेतली. समोर, सरळ, सगळ्या लोकांकडं बघितलं. पट्टी खाली आली.

"एकशे पंचावन्न पॉइंट दोन. पुढची या."

मयताला आलेल्या माणसांनी अशा शिट्ट्या मारल्या की दोन पोलीस काठ्या घेऊन कुंपणापाशी आले. म्हशीवाला विजयसिंहांच्या गळ्यात पडला. विजयसिंह रडत होते, आणि आपण रडतोय याची त्यांना मुळीच लाज वाटत नव्हती.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. पेठ वडगावच्या स्थळाचे मध्यस्थ धैर्यशीलराव. तेही पतसंस्थेचे सभासद.

"इंगवले साहेब, ग्रुपवर आत्ताच वाचलं ओ. लई वाईट झालं. वैनी म्हंजे लक्ष्मी हुत्या घरची." विजयसिंहांना काही उमजेना. पलीकडून आवाज आणखी खाली आला. "आता ही बोलायची वेळ न्हाय, पर बोलाय लागतंय. घरात मयत झालंय म्हंजे क्रांतीचं लगीन वर्षाच्या आत उरकाय पायजे. न्हायतर रीतीपरमाणं तीन वर्षं थांबाय लागतंय. वडगावकर म्हंत्यात, म्हैनाभरात बार उडवू. तुमचं काय म्हणणं?"

'अहो, कोण गेलंय? बायको घरात चहा पितीय!' हे वाक्य विजयसिंहांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी आत बघितलं. आठशे मीटरच्या रेषेवर पोरी उभ्या राहत होत्या, आणि तिसऱ्या लेनमध्ये क्रांती, मान वर.

"धैर्यशीलराव," विजयसिंह सावकाश म्हणाले, "रीत म्हंजे रीत. ती मोडून चालायचं न्हाय. आमी तीन वर्षं थांबतो."

त्यांनी फोन ठेवला, तर लगेच वर्षाराणीचा आला. तो त्यांनी कट केला. शिट्टी वाजली होती, आणि क्रांती सगळ्यांच्या पुढं होती.